रोमन नाण्यांवरील सम्राज्ञी कशा ओळखाव्यात आणि त्यांची सत्ता कशी वाचावी

रोमन नाण्यावर दाढीवाल्या सम्राटाऐवजी अंबाडा घातलेली स्त्री दिसली, की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘ही कोण?’ हाच असतो. त्याचे उत्तर थोड्या सरावाने पंधरा-वीस मिनिटांत मिळते, पण तेवढ्यावर थांबणारे वाचक अर्धेच नाणे वाचून परततात. ही स्त्री नाण्यावर कोणाच्या नात्याने आली, तिच्याकडे कोणती सत्ता आहे असे दरबाराला दाखवायचे होते आणि कोणती झाकायची होती, हेही त्या दोन-तीन सेंटिमीटरांच्या धातूवर लिहिलेले असते. ते वाचण्याचा क्रम मात्र माहीत असावा लागतो. तोच क्रम येथे सांगत आहे. नाणे हातात असो, संग्रहालयाच्या काचेआड असो किंवा छायाचित्रात असो, क्रम बदलत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवावी. रोममध्ये स्त्रीला कोणतेही राजकीय पद मिळत नसे. ती सिनेटमध्ये बसू शकत नव्हती, सेनापती होऊ शकत नव्हती. सम्राटाच्या नाण्यावर त्याची पदे ओळीने लिहिलेली असतात, पण सम्राज्ञीपाशी लिहिण्याजोगे पदच नव्हते. ‘ऑगस्टा’ ही पदवी होती, अधिकारपद नव्हे. त्यामुळे तिचे वजन सांगायचे झाल्यास ते नात्याच्या, देवीच्या किंवा एखाद्या सद्गुणाच्या आडून सांगावे लागे, आणि नाण्यावरील प्रत्येक खूण त्या आडपडद्याचा भाग असते.

आधी धातू आणि वजन

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, मिलिमीटरची पट्टी आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबलावरचा दिवा, एवढी साधने पुरतात. नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे. दिवा थेट वरून न टाकता कलता ठेवला, तर झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात.

पहिल्या दोन शतकांत सोन्याचा ऑरियस सात ते आठ ग्रॅमचा, चांदीचा डेनारियस साधारण साडेतीन ग्रॅमचा आणि पितळेचा सेस्टर्शियस पंचवीस ग्रॅमच्या आसपास असे. एका ऑरियसला पंचवीस डेनारियस आणि एका डेनारियसला चार सेस्टर्शियस असा हिशेब होता. पितळेच्या व तांब्याच्या नाण्यांच्या मागील बाजूस बहुधा ‘एस’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरे ठळकपणे दिसतात. ‘सिनेटच्या ठरावाने’ असा त्यांचा अर्थ आहे.

सम्राज्ञींच्या नाण्यांत येथे एक अडचण येते. नीरोच्या काळापासून डुपोंडियस आणि आस ही जवळजवळ सारख्या आकाराची दोन नाणी ओळखण्यासाठी डुपोंडियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट दाखवण्याची पद्धत रूढ होत गेली, पण स्त्रियांना तो मुकुट दिला जात नसे. त्यामुळे स्त्रीचे मुख असलेले दहा-बारा ग्रॅमचे नाणे यांपैकी कोणते, हे धातूच्या रंगावरून ठरवावे लागते. पिवळसर पितळ असल्यास ते डुपोंडियस आणि लालसर तांबे असल्यास आस. वर गडद थर चढलेला असेल, तर नेमके सांगता येत नाही आणि तसे मान्य करणे बरे. पुढे इ.स. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात ते मोठे चांदीचे नाणे काढले, त्यात अशी अडचण आली नाही. त्यावर सम्राटाला सूर्याचा मुकुट आणि सम्राज्ञीच्या खांद्यांखाली चंद्रकोर अशी जोडी ठरली. चंद्रकोरीवर टेकलेली अर्धप्रतिमा दिसली, की हे नाणे इ.स. २१५ च्या आधीचे चांदीचे नाणे नव्हे, एवढे भिंगाशिवाय कळते.

नाणे साफ करण्याचा मोह टाळावा. माझ्याकडे आलेला पहिला सेस्टर्शियस फाउस्टिनाचा होता आणि देव्हाऱ्यातली समई घासावी तसा मी तो चिंचेने घासून लख्ख केला. नाणे चकाकले खरे, पण केसांच्या ज्या बारीक रेषा हिरवट-तपकिरी थरामुळेच स्पष्ट दिसत होत्या, त्या सपाट पिवळ्या पृष्ठभागात विरून गेल्या आणि ते पुन्हा कधी पूर्वीसारखे दिसले नाही. माती असल्यास शुद्ध पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढावी. त्यापुढचे काम जाणकाराकडे सोपवावे.

केशरचना हेच पहिले ओळखपत्र

सम्राटांचे चेहरे दाढी, नाक आणि मान यांवरून ओळखता येतात. सम्राज्ञींच्या बाबतीत केस पाहावेत. दरबारातील केशरचना पिढीगणिक बदलत होती आणि साचे कोरणारे कारागीर ती फार काळजीपूर्वक कोरत. त्यामुळे लेख पूर्ण झिजलेला असला, तरी केसांवरून काळ वीस-तीस वर्षांच्या आत आणता येतो.

टायटसची कन्या ज्युलिया हिच्या कपाळावर कुरळ्या बटांचा उंच ढीग रचलेला दिसतो. हेड्रियनची पत्नी साबिना हिची एक मुद्रा पाठीवर सोडलेल्या जाड शेपट्याची आहे. अँटोनायनस पायसची पत्नी थोरली फाउस्टिना हिने वेण्या वर ओढून त्यांचा खोपा डोक्याच्या माथ्यावर मुकुटासारखा बांधला आहे. तिची मुलगी धाकटी फाउस्टिना, म्हणजे मार्कस ऑरेलियसची पत्नी, हिचे केस लाटांसारखे मागे घेऊन मानेच्या वर अंबाडा बांधलेला असतो आणि कधी त्यात मोत्यांच्या सरी गुंफलेल्या दिसतात. माथ्यावर खोपा असेल तर आई आणि मागे अंबाडा असेल तर मुलगी, एवढे ध्यानात ठेवले, तरी दोन फाउस्टिनांमधला नवशिक्यांचा निम्मा गोंधळ मिटतो.

ज्युलिया डॉम्ना ही सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी मूळची सीरियातील एमेसा नगरीची. तिच्या डोक्यावरील आडव्या, जाड लाटा शिरस्त्राणासारख्या दिसतात आणि मागे मोठा, चपटा बुचडा असतो. हा कृत्रिम केसांचा टोप असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर मानेपासून निघून थेट माथ्यावरून पुढे आलेली चपटी वेणी दिसू लागते. सम्राट डेसियसची पत्नी एट्रुसिला व सम्राट गॅलिएनसची पत्नी सालोनिना यांची नाणी तिच्यावरून लगेच कळतात. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिने वेणी डोक्याभोवती वळशासारखी गुंडाळलेली आहे.

केसांसोबत डोक्यावर काय आहे तेही पाहावे. कपाळावरची अर्धचंद्राकृती पट्टी मूळची देवींच्या मूर्तींची आहे. गव्हाच्या लोंब्यांची माळ असेल, तर स्त्रीला सेरेस या धान्यदेवतेचे रूप दिले आहे. डोक्यावरून पदर घेतलेला असेल, तर बहुधा ती मृत्यूनंतर देवत्व पावलेली असते, पण हा नियम पक्का नाही. थोरल्या फाउस्टिनाच्या मरणोत्तर नाण्यांत पदर घेतलेली आणि न घेतलेली अशी दोन्ही रूपे आहेत.

लेख वाचताना विभक्ती सोडू नये

यापुढचा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि मराठी वाचकाला तो इतरांपेक्षा सोपा जावा, कारण प्रथमा, चतुर्थी आणि षष्ठी या विभक्ती आपण शाळेतच घोकलेल्या असतात आणि लॅटिन भाषेलाही त्या आहेत.

नाण्याभोवतीचा लेख सहसा डावीकडे खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. लॅटिन मोठ्या अक्षरांत ‘यू’ नाही, त्याच्या जागी ‘व्ही’ येतो; ‘जे’ नाही, त्याच्या जागी ‘आय’ येतो. म्हणून ‘ऑगस्टा’ हा शब्द ए-व्ही-जी-व्ही-एस-टी-ए असा दिसतो आणि ‘ज्युलिया’ची सुरुवात आय-व्ही अशी होते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, कधी ठिपका असतो. ‘एव्हीजी’ म्हणजे ऑगस्टस किंवा ऑगस्टा. शेवटचा ‘जी’ दोनदा आला, तर दोन ऑगस्टस आहेत असे समजावे. ‘फिल’ किंवा नुसता ‘एफ’ म्हणजे अपत्य, ‘मॅट’ म्हणजे माता आणि ‘दिवा’ म्हणजे देवत्व पावलेली स्त्री.

आता एकाच सम्राटाची दोन नाणी शेजारी ठेवून पाहू. इ.स. ५४ च्या ऑक्टोबरात क्लॉडियस मरण पावला आणि सोळा वर्षांचा नीरो सम्राट झाला. त्या वर्षीच्या ऑरियस व डेनारियस नाण्यांच्या दर्शनी बाजूवर नीरो आणि त्याची आई धाकटी अग्रिपिना समोरासमोर, नाकासमोर नाक असे आहेत. आकाराने दोघे तुल्यबळ. भोवतीचा लेख मात्र नीरोचा नाही. तो आईचा आहे आणि प्रथमेत आहे: ‘अग्रिपिना ऑगस्टा, देवत्व पावलेल्या क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची माता’. नीरोचे नाव व पदव्या मागील बाजूस, ओकच्या पानांच्या माळेभोवती आहेत आणि त्या चतुर्थीत आहेत. ‘नीरो’ नव्हे, ‘नेरोनी’, म्हणजे ‘नीरोला’. सम्राटाच्या स्वतःच्या नाण्यावर कर्त्याच्या जागी त्याची आई आहे आणि तो स्वतः मागील बाजूस, मान स्वीकारणारा म्हणून उभा आहे.

लगेच इ.स. ५५ चे नाणे घ्यावे. आता दोघांची मुखे एकाच दिशेला, एकामागे एक आहेत. पुढे नीरो, मागे आई, आणि तिच्या चेहऱ्याची जेमतेम कड दिसते. दर्शनी बाजूचा लेख नीरोचा झाला आहे, प्रथमेत आहे, आणि अग्रिपिनाचा जुना लेख शब्दही न बदलता मागील बाजूस, चार हत्तींच्या रथाभोवती गेला आहे. शब्द तेच, पदव्या त्याच, फक्त बाजू बदलली. त्यानंतर नीरोच्या या नाण्यांवर तो एकटाच दिसतो आणि इ.स. ५९ मध्ये त्याने आईची हत्या करवली. दरबारात काय घडत होते ते रोमन इतिहासकार टॅसिटसने दोन पिढ्यांनंतर लिहिले. साचे कोरणाऱ्याने मात्र ते घडत असतानाच नोंदवले होते. म्हणून दोन व्यक्ती असलेल्या कोणत्याही नाण्यावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोण पुढे आहे, लेख कोणाचा आहे आणि नाव कोणत्या विभक्तीत आहे.

षष्ठीचे उदाहरण धाकट्या फाउस्टिनाच्या नाण्यांवर मिळते. तिचे मार्कस ऑरेलियसशी लग्न इ.स. १४५ मध्ये झाले आणि पहिल्या अपत्यानंतर, इ.स. १४७ मध्ये तिला ऑगस्टा ही पदवी मिळाली. नवरा मात्र इ.स. १६१ पर्यंत नुसता सीझर, म्हणजे वारसदार होता; ऑगस्टस, म्हणजे सम्राट नव्हता. म्हणजे चौदा वर्षे पदवीने बायको नवऱ्याच्या वर होती, आणि ते कोणाच्या बळावर हे नाणे लपवत नाही: लेखात ‘ऑगस्टस पायसची कन्या’ असे स्पष्ट आहे, पतीचे नावही नाही. इ.स. १६१ मध्ये वडील वारले आणि लेख ‘फाउस्टिना ऑगस्टा’ इतका आटोपशीर झाला. त्यामुळे वडिलांचे नाव असेल तर नाणे १६१ च्या आधीचे आणि नसेल तर बहुधा नंतरचे, हा कालनिर्णयाचा चांगला आधार ठरतो. मरणोत्तर नाण्यांत ‘दिवा फाउस्टिना’ एवढेच असेल तर ती सहसा आई, आणि पुढे ‘पिया’ हा शब्द जोडला असेल तर मुलगी.

ज्युलिया डॉम्नाचेही तसेच आहे. ‘ज्युलिया डॉम्ना ऑगस्टा’ असे पूर्ण नाव असलेली नाणी साधारण इ.स. १९३ ते १९६ मधली, ‘ज्युलिया ऑगस्टा’ असलेली १९६ ते २११ मधली आणि ‘ज्युलिया पिया फेलिक्स ऑगस्टा’ असलेली मुलगा कॅराकॅला याच्या राज्यातली, २११ ते २१७ मधली. ‘ज्युलिया ऑगस्टा’ हे नाव निवडताना दरबाराला ऑगस्टसची विधवा लिव्हिया आठवत असणार असे मला वाटते, कारण पतीच्या मृत्युपत्रानुसार इ.स. १४ नंतर लिव्हियाचे अधिकृत नाव हेच होते.

मागील बाजूची देवी

मागील बाजूस उभी किंवा बसलेली एक स्त्री असते आणि तिच्या हातांतील वस्तूंवरून ती कोण ते कळते. मोर असल्यास जूनो, सफरचंद असल्यास व्हीनस, लोंब्या आणि मशाल असल्यास सेरेस, सुकाणू असल्यास फोर्तुना, सापाला भरवत असल्यास आरोग्यदेवता सालुस, बाजूला सिंह असल्यास सिबेली, आणि चेहऱ्यावर पदर ओढत असल्यास पुदिसिटिया, म्हणजे शालीनता. बहुतेक वेळा देवीचे नाव कडेला कोरलेलेही असते. ते आधी न वाचता वस्तूंवरून ओळखायचा सराव करावा, म्हणजे झिजलेल्या नाण्यांपुढे अडत नाही.

ही देवी आणि सम्राज्ञी वेगळ्या आहेत की एकच, याबद्दल नाणी मुद्दाम मोघम राहतात. लिव्हियाचा मुलगा सम्राट तिबेरियस याच्या काळात, इ.स. २२-२३ मध्ये, एका डुपोंडियसवर भांग पाडलेली स्त्री आणि ‘सालुस ऑगस्टा’ एवढाच लेख आला. ते ‘ऑगस्टसच्या घराण्याचे आरोग्य’ आहे की ऑगस्टा म्हणजेच लिव्हिया आहे, हे वाचणाऱ्यावर सोडलेले आहे. त्याच सुमारास ती गंभीर आजारी पडली होती, हे टॅसिटस सांगतो. पुढचा सम्राट कॅलिगुला याने हा संकोच बाजूला ठेवला. त्याच्या इ.स. ३७-३८ च्या सेस्टर्शियसवर त्याच्या तीन बहिणी अग्रिपिना, द्रुसिला आणि ज्युलिया या सुरक्षा, सलोखा आणि भाग्य या देवतांच्या रूपात उभ्या आहेत आणि प्रत्येकीचे नाव तिच्याजवळ कोरलेले आहे. रोमच्या टांकसाळीने हयात स्त्रियांना अशी नावानिशी जागा प्रथमच दिली. द्रुसिला इ.स. ३८ मध्ये वारली आणि उरलेल्या दोघींना भावाने पुढच्याच वर्षी हद्दपार केले.

फाउस्टिनाच्या नाण्यांवर मुले मोजावीत. तिला डझनभराहून अधिक मुले झाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली. ‘फेकुंदितास’, म्हणजे सुफलता, किंवा ‘काळाचे सुख’ अशा लेखांखाली कधी सिंहासनावर दोन बाळे, कधी कडेवर दोन आणि पायांशी दोन, कधी एकूण सहा मुले दिसतात. सिंहासनावरील दोन बाळे इ.स. १६१ मध्ये झालेले जुळे मुलगे मानले जातात, ज्यांतला एक पुढे सम्राट झालेला कॉमोडस. वारस जगवणे हे त्या घराण्याचे राजकारणच होते, त्यामुळे या दृश्याला नुसते गोड कौटुंबिक चित्र समजणे चूक ठरेल. आयुष्याच्या शेवटी मार्कससोबत छावणीत राहणाऱ्या या स्त्रीला ‘मातेर कास्त्रोरुम’, म्हणजे सैन्यतळांची माता, ही पदवी मिळाली आणि तीही नाण्यांवर आली.

डॉम्नाने हीच पदवी उचलली आणि पुढे नेली. कॅराकॅलाच्या काळात हातात फांदी आणि राजदंड घेतलेल्या स्त्रीभोवती जो लेख आहे, तो सोडवला तर असा निघतो: ‘ऑगस्टसांची माता, सिनेटची माता, पितृभूमीची माता’. सम्राटाला ‘पितृभूमीचा पिता’ ही पदवी शतकानुशतके मिळत आली होती. येथे तिचे स्त्रीरूप नाण्यावर उतरले. इ.स. २०१ च्या एका ऑरियसवर, पुढे सेव्हेरस असताना, मागे डॉम्नाचा चेहरा थेट समोर पाहणारा आहे आणि दोन बाजूंना कॅराकॅला व गेटा आईकडे तोंड करून आहेत. रोमन नाण्यांवर समोरून दाखवलेले मुख त्या काळी दुर्मीळ होते. दहा वर्षांनी, इ.स. २११ च्या डिसेंबरात, थोरल्याने धाकट्याचा आईच्या कुशीतच खून करवला.

मृत्यूनंतरची नाणी हा वेगळा प्रकार आहे. ‘कोन्सेक्राटियो’ हा शब्द दिसला, की देवत्वविधी झाला असे समजावे. त्यासोबत गरुड किंवा खास स्त्रियांसाठी मोर असतो, जो कधी सम्राज्ञीला पाठीवर घेऊन आकाशात चाललेला दिसतो. थोरली फाउस्टिना इ.स. १४० मध्ये वारली आणि तिची बहुतेक नाणी त्यानंतरची आहेत, इतकी की रोमन चांदीची नाणी विकणाऱ्यांकडे आजही ती सहज सापडतात. मेलेल्या बायकोला नाण्यावर ठेवणे सुरक्षित होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण रोमच्या फोरम या मुख्य चौकातील तिचे देऊळ पाहिले की अँटोनायनसचा लोभ निव्वळ राजकीय नसावा असेही वाटते.

चौथ्या शतकाबद्दल थोडेच सांगतो. कॉन्स्टंटाइनची पत्नी फाउस्टा दोन मुले कवेत घेतलेल्या ‘राज्याची आशा’ या रूपात दिसते आणि इ.स. ३२६ मध्ये तिला मारले जाते. इ.स. ३८३ पासून थिओडोसियसची पत्नी एलिया फ्लासिला हिच्या खांद्यावर सम्राटाचाच झगा आणि त्याचीच पिन आली. आता देवीचा आडपडदा लागत नव्हता. पोशाखच बोलत होता.

ग्रीक लेख असेल तर

लेख ग्रीक अक्षरांत असेल, तर नाणे पूर्वेकडील प्रांतांतले आहे आणि ‘ऑगस्टा’च्या जागी ‘सेबास्ते’ हा शब्द शोधावा. ही नगरे रोमइतकी सावध नसत. क्लॉडियसची आधीची पत्नी मेसालिना रोमच्या नाण्यांवर येतच नाही, पण अलेक्झांड्रियाच्या चांदीच्या नाण्यावर ती तळहातावर दोन इवली मुले घेऊन उभी आहे. त्यामुळे एखाद्या स्त्रीला काय मान होता असे विचारताना तो कुठे होता, हेही विचारावे.

नकली आणि दुरुस्त केलेली नाणी

ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या दोन भागांची बारीक शिवण दिसते, पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि वजन बहुधा चुकते. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हानी दा काव्हिनो याने सेस्टर्शियसच्या धर्तीवर सुंदर पदके बनवली आणि एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर याने नकली साचे कोरले. दोघांच्या कामावर अनुभवी माणसेही फसली आहेत. प्राचीन काळातच तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून केलेली खोटी नाणीही मिळतात. त्यांच्या फुटलेल्या कडेतून लालसर धातू डोकावतो.

सम्राज्ञींच्या बाबतीत मात्र मला याहून मोठा धोका दुरुस्तीचा वाटतो. झिजलेल्या सेस्टर्शियसवर केसांच्या लाटा पुन्हा कोरून किंमत वाढवली जाते, आणि केस हेच ओळखपत्र असल्यामुळे एका स्त्रीची दुसरी स्त्री होऊ शकते. चेहरा गुळगुळीत आणि केस मात्र धारदार, रेषांच्या तळाशी चमकदार धातू, असे दिसले तर नाणे बाजूला ठेवावे. पडताळणीसाठी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओसीआरई’ या मोफत ऑनलाइन सूचीत नाव, धातू आणि लेखातील शब्द घालून शोधावे आणि छायाचित्रांशी अक्षरांच्या जागा ताडून पाहाव्यात. डोक्याच्या वर कोणते अक्षर येते, येथपर्यंत जुळवणी करावी.

भारतात सापडणारी नाणी

भारतीय वाचकाच्या नजरेस पडण्याची सर्वाधिक शक्यता असलेली रोमन स्त्री निनावी आहे. तिबेरियसच्या डेनारियसच्या मागील बाजूस हातात राजदंड आणि फांदी घेतलेली एक स्त्री खुर्चीवर बसली आहे. भोवती फक्त सम्राटाची ‘मुख्य पुरोहित’ ही पदवी आहे. तिला शांतिदेवता मानतात आणि त्या रूपात लिव्हिया आहे असेही बहुसंख्य जाणकार समजतात, पण नाण्यावर तिचे नाव नाही. कोइम्बतूर परिसरात आणि आंध्रात या प्रकारची नाणी साठ्यांनी सापडली आहेत आणि त्यांतल्या काहींवर छिन्नीचा आडवा घाव आहे. आपल्या महाराष्ट्रातील तेर येथे आणि तेलंगणातील कोंडापूरला रोमन नाण्यांच्या नमुन्यावर केलेली मातीची पदके मिळाली आहेत, जी गळ्यात घालत असावेत. सोन्याच्या नाण्यांबाबत आणखी एक खूण पाहावी: भारतात सापडलेल्या कित्येक ऑरियसांना मुखाच्या वर शेजारी-शेजारी दोन छिद्रे आहेत, म्हणजे ओवल्यावर मुख सरळ राहते. पुतळ्यांची माळ पाहिलेल्या माणसाला त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. अशा छिद्रांमुळे बाजारात किंमत घटते, तरीही ती बुजवू नयेत, कारण नाणे इथे वापरले गेल्याचा तोच पुरावा आहे.

शेतात किंवा पाया खणताना असे नाणे मिळाले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. विकत घेताना पावती घ्यावी आणि नाण्याचा आधीचा मालक कोण होता ते त्यावर लिहून घ्यावे. सापडलेले नाणे न धुता, ज्या मातीत मिळाले त्या मातीसकट कागदात गुंडाळावे, कागदावर जागा, खोली आणि तारीख लिहावी, आणि सोबत मडक्याचा तुकडा असेल तर तोही त्याच पुडीत ठेवावा.